कोर्स फुकट आहे, मग पूर्ण का होत नाही? वर्ध्यापासून ‘स्वयम’पर्यंतची गोष्ट

(एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावलेत? मग सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या फोनमध्ये आत्ता किती कोर्स अर्धवट पडलेत? पायथॉनचा एक, इंग्लिश स्पीकिंगचा एक, कुणाचा डेटा सायन्सचा, कुणाचा एक्सेलचा. पहिला व्हिडिओ पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा ‘रविवारी बघू’ म्हणून ठेवला. तो रविवार काही आला नाही.

आपण लगेच म्हणतो, माझ्यातच जिद्द नाही. थांबा. हे फक्त तुमचं-माझं असतं तर इतिहासात दिसलं नसतं. पण दिसतं. गेल्या पन्नास वर्षांत ‘आता शिक्षण घराघरात मोफत पोचणार’ अशी घोषणा निदान चार वेळा झाली. आधी टीव्हीवर, मग उपग्रहावर, मग इंटरनेटवर, मग मोबाइलवर. आज ही गोष्ट सांगायची आहे. आणि ती मी बुटीबोरीत बसून सांगतोय, कारण इथे हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. धागा, टायर, स्टील, सगळं इथे बनतं. कंत्राटी कामावरच्या पोराला पर्मनंट व्हायचं असेल, हेल्परचा ऑपरेटर व्हायचं असेल, तर नवीन काहीतरी शिकावंच लागतं. कॉलेजला परत जायला वेळ नाही, पैसा नाही. उरतो फोन.

आधी वर्ध्याला जाऊ

बुटीबोरीहून हैदराबादचा रस्ता सोडून वर्ध्याकडे वळलं की तासाभरात वर्धा येतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली. तिथून पुढे झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला आणि ‘नई तालीम’ नावाने तो ओळखला गेला. परिषदेची मागणी साधी होती. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मातृभाषेत. आणि हाताने करायच्या एखाद्या उत्पादक कामाभोवती गुंफलेलं.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन कोर्सच्या एपिसोडमध्ये चरखा काहून आणला भाऊ? कारण त्या यादीत ‘मोफत’ हा शब्द एकटा नव्हता. त्याच्यासोबत भाषा होती, हाताला काम होतं, आणि शाळा म्हटल्यावर शिक्षक आणि वर्गातली पोरं होतीच. पुढच्या कहाणीत बघा, दर वेळी ‘मोफत’ तेवढं उचललं जातं आणि बाकीची यादी मागे राहते. जिथे बाकीची यादीही उचलली गेली, तिथे काम झालं.

टीव्हीवरची शाळा

ब्रिटनमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. प्रवेशाला आधीच्या मार्कांची अट नाही. बीबीसीच्या टीव्ही आणि रेडिओवर धडे. जगभर नाव झालं ते या टीव्हीमुळे. पण विद्यापीठ टीव्हीवर चालत नव्हतं. घरी पोस्टाने पुस्तकं यायची, सोडवलेला स्वाध्याय तपासून परत यायचा, प्रत्येकाला एक ट्यूटर असायचा, उन्हाळ्यात निवासी वर्ग व्हायचे. टीव्ही ही दुकानाची पाटी होती, माल आत होता.

भारतात त्याच्या चार वर्षांनी फार मोठा प्रयोग झाला. नाव ‘साइट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आणि इस्रोची जमिनीवरची व्यवस्था. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य असे कार्यक्रम. हिंदी, तेलुगू, कन्नड, उडिया भाषांत. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक होते.

इंजिनिअर म्हणून मला यातलं एक काम फार आवडतं. उपग्रह ही सगळ्यात अवघड गोष्ट वाटते ना? पण ते काम रोज गावागावात चालू ठेवायचं होतं. कुणीतरी संच उघडायचा, लावायचा, बिघडला तर कळवायचं, आणि दुरुस्तीवाल्याने खराब रस्त्याने तिथे पोचायचं. वर आकाशात एक उपग्रह, खाली २४०० ठिकाणी माणूस. वर्ष संपलं, उपग्रहाची मुदत संपली आणि बहुतेक गावांतली ती शाळाही संपली.

मग १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर यूजीसीचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ आला. घरी त्या काळातलं कुणी असेल तर विचारा, दुपारी लागायचा तो. कार्यक्रम चांगले होते, पण मुख्यतः इंग्रजीत. घराघरात पोचणारा कार्यक्रम, आणि त्याची भाषा कॉलेजवाल्याची. हा किस्सा पुढे परत परत दिसणार आहे.

नाशिकची गोष्ट

आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कमी सांगितली गेलेली गोष्ट. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे दिल्लीच्या इग्नूचेही झाले. विद्यापीठाचं ब्रीद तुम्ही कुठल्या तरी पाटीवर वाचलं असेलच: ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

घरोघरी म्हणजे काय केलं? बारावी पास नसलेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ नावाचा शिक्षणक्रम ठेवला. तो केला की पदवीला प्रवेश. पुस्तकं मराठीत, आणि एकट्याने वाचून समजतील अशा पद्धतीने लिहिलेली: थोडं वाच, मग प्रश्न सोडव, मग पुढे जा. गावोगावच्या शाळा-कॉलेजांत अभ्यासकेंद्रं. सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र, म्हणजे शिक्षक समोर आणि आजूबाजूला आपल्यासारखेच दहा-वीस जण. शेवटी परीक्षा, आणि पदवी कायदेशीर मान्यतेची, स्पर्धा परीक्षेला चालणारी.

हे मोफत नव्हतं. फी होती, पण कमी. आणि सगळं गुळगुळीत चाललं असंही नाही. संपर्कसत्र काही ठिकाणी फक्त कागदावर व्हायचं, ‘मुक्तची डिग्री’ म्हणून नाक मुरडणारे आजही आहेत. तरीही बघा, घर सांभाळणाऱ्या बाया, पोलीस शिपाई, शेतकरी, कंपनीतले कामगार यातून पदवीधर झाले. आमच्याच लाइनीत एक काकू आहेत, लग्नानंतर वीस वर्षांनी बीए झाल्या. मी विचारलं, जमलं कसं? त्या म्हणाल्या, “अरे बापू, रविवारी केंद्रावर जायचं असायचं ना! गेली नाही तर बाकीच्या विचारायच्या, काहून आली नाहीस म्हणून.” विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ही सोय लिहिलेली नसते, पण सगळं गाडं त्यावर चालतं.

तोच प्रकार आणखी एका नावात दिसतो: एमएससीआयटी. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि पुढे तालुक्या-तालुक्यात त्यांची केंद्रं निघाली. फुकट नाही, पण मराठीत, हाताखाली कम्प्युटर, शेजारी शिकवणारा, आणि सरकारी नोकरीत त्या सर्टिफिकेटला किंमत. लाखो लोकांनी पूर्ण केलं. वर्ध्याची यादी आठवा: भाषा, हाताला काम, सोबत. त्यात चौथी गोष्ट जोडा, कागदाची किंमत.

खजिना उघडला

एप्रिल २००१. अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आमच्या जवळपास सगळ्या विषयांचं साहित्य इंटरनेटवर टाकणार, फुकट. ‘ओपनकोर्सवेअर’. २००२ मध्ये ५० विषयांनी सुरुवात झाली, २००७ पर्यंत सुमारे १८०० झाले. त्या काळात बाकीची विद्यापीठं इंटरनेटवरून पैसे कसे कमवायचे याचा विचार करत होती. त्यामुळे ही गोष्ट खरंच मोठी होती. पण एमआयटीने एक स्पष्ट सांगितलं होतं: हे साहित्य आहे, शिक्षण नव्हे. डिग्री नाही, प्राध्यापकाला प्रश्न विचारता येणार नाही.

आपल्याकडे २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. इंजिनिअरिंगवाल्यांनो, हात वर करा! परीक्षेच्या आदल्या रात्री खडू-फळ्यावर शांतपणे थर्मोडायनॅमिक्स शिकवणारे सर ज्यांनी वाचवले नाहीत असा बीटेकवाला विरळा. आमच्या वेळी रूमवर चौघे मिळून एकच लॅपटॉप लावायचो. कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ उतरवायचे, पेन ड्राइव्हवर फिरवायचे. एकाला कळलं नाही की दुसरा पॉज करून सांगायचा, मराठीत, शिव्यांसकट. आता मागे बघताना कळतं, व्हिडिओ आयआयटीचा होता, पण वर्ग आम्ही चौघांनी भरवला होता.

२०१४ पासून एनपीटेलने सर्टिफिकेट कोर्स सुरू केले आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. कोर्स फुकट, पण सर्टिफिकेट हवं तर थोडी फी भरून केंद्रावर जाऊन, समोर बसून परीक्षा. शिवाय कॉलेजांमध्ये ‘लोकल चॅप्टर’, म्हणजे पाठपुरावा करणारा एक प्राध्यापक. पुन्हा तेच, खाली एक माणूस.

एक लाख साठ हजार

‘मूक’ हा शब्द २००८ चा. कॅनडात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठात एक कोर्स घेतला. फी भरलेले सुमारे २५ विद्यार्थी, आणि इंटरनेटवरून मोफत सामील झालेले २००० च्या वर. त्याला नाव पडलं मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, थोडक्यात मूक. मराठीत मूक म्हणजे मुका. योगायोग आहे, पण लक्षात ठेवा.

खरा धमाका २०११ च्या शेवटी झाला. स्टॅनफर्डचे सेबास्टियन थ्रन आणि गूगलचे पीटर नॉर्विग यांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा वर्ग सगळ्यांना मोफत खुला केला. नाव नोंदवली सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी, १९० च्या आसपास देशांतून. स्वयंसेवकांनी ४० हून जास्त भाषांत भाषांतरं केली. शेवटपर्यंत पोचले २० हजारांच्या वर. टक्केवारी कमी वाटते, पण २० हजार विद्यार्थी एका शिक्षकाला आयुष्यात मिळत नाहीत.

मग काय, लाट आली. थ्रन यांनी युडॅसिटी काढली. स्टॅनफर्डचेच अँड्र्यू एनजी आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा. मे २०१२ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स जाहीर केलं, त्याचे पहिले प्रमुख अनंत अग्रवाल, आयआयटी मद्रासचे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ ला ‘मूकचं वर्ष’ म्हटलं.

२०१३ मध्ये जमीन लागली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने युडॅसिटीसोबत गणित आणि संख्याशास्त्राचे स्वस्त ऑनलाइन कोर्स घेतले. विद्यार्थी स्टॅनफर्डचे नव्हते. आधी नापास झालेले, गरीब वस्तीतल्या शाळांमधले, काहींच्या घरी कम्प्युटरच नव्हता. निम्म्याहून जास्त मुलं शेवटच्या परीक्षेत नापास झाली आणि प्रयोग थांबवावा लागला. ज्यांच्यासाठी दार उघडलं असं सांगितलं, तीच मुलं उंबऱ्यावर अडकली.

पुढे जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-व्हॅलिएंटे या दोघांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या २०१२ ते २०१८ च्या कोर्सची माहिती तपासली. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती छापून आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३.१३ टक्के. पहिल्या वर्षानंतर बहुतेक जण परत फिरकलेच नाहीत. आणि वाढ झाली ती मुख्यतः श्रीमंत देशांतून. मात्र ज्यांनी पैसे भरून सर्टिफिकेटसाठी नाव नोंदवलं, त्यांच्यातले जवळपास निम्मे पूर्ण करत होते.

इथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडतो. लायब्ररीत गेलेला माणूस सगळी पुस्तकं वाचत नाही, म्हणून लायब्ररी फसली असं आपण म्हणत नाही. कुणाला कोर्समधलं एकच प्रकरण हवं असतं, ते घेऊन तो जातो. मीही तसंच करतो. नोकरी मिहानला आहे. कामात काही अडलं की कोर्समधला सातवा व्हिडिओ बघतो, काम झालं, बंद. मला सर्टिफिकेटची गरज नाही, कारण माझ्याकडे डिग्री आहे. गोम इथेच आहे. ज्याच्याकडे आधीच डिग्री आहे त्याच्यासाठी फुकट कोर्स म्हणजे लायब्ररी. ज्याच्याकडे नाही त्याला ती शिडी म्हणून वापरायची असते. शिडीच्या ९७ टक्के पायऱ्या चढून उपयोग नाही, वर पोचावं लागतं.

आणि धंद्याचं काय झालं? सर्टिफिकेटला हळूहळू पैसे लागायला लागले. २०२१ मध्ये एडएक्स ८० कोटी डॉलरना टूयू नावाच्या कंपनीला विकलं गेलं, आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्वयम, जिओ आणि दहा मिनिटांचे मराठी धडे

आपल्याकडे दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. ९ जुलै २०१७ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम’ सुरू झालं. सरकारी, मोफत, आणि त्याचे क्रेडिट कॉलेजच्या डिग्रीत धरता येतात. आधी एकूण अभ्यासाच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. कागदाची किंमत हा मुद्दा इथे निदान नियमात तरी सुटला. पण कॉलेजात असलेल्यांसाठी. कॉलेजबाहेरच्या पोराला क्रेडिट कुठे जमा करायचं?

भाषेचा मुद्दा मात्र मुंबईच्या आयआयटीतून एका प्रकल्पाने फार साधेपणाने हाताळला. प्रा. कन्नन मौदगल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. स्क्रीनवर सॉफ्टवेअर इंग्रजीत, कारण नोकरीत ते इंग्रजीतच दिसणार. आवाज मात्र मराठी, हिंदी, तमिळ, हवा तो. धडा अर्ध्या स्क्रीनवर, खरं सॉफ्टवेअर दुसऱ्या अर्ध्यात, आणि ऐकता ऐकता तेच करून बघायचं. नेट नसेल तर ऑफलाइन. कॉलेजात एक जण आयोजक. बघा, वर्ध्याची यादी परत आली की नाही? भाषा, हात, सोबत.

मग आपण काय करायचं?

आता बुटीबोरीतला एक मुलगा. नाव सांगत नाही. आयटीआय इलेक्ट्रिशियन, कंत्राटावर. त्याला पीएलसी शिकायचं होतं. पीएलसी म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणारा छोटा कम्प्युटर. फुकट कोर्स दोनदा सुरू केला, दोनदा सुटला. नाइट शिफ्ट करून आल्यावर इंग्रजी लेक्चर म्हणजे अंगाईच, बाप्पा! तिसऱ्यांदा मेंटेनन्समधल्या एका जुन्या दादाने त्याला भंगारात निघालेलं पॅनल मिळवून दिलं आणि सांगितलं, “दर रविवारी येऊन मले दाखव, काय शिकला ते.” चार महिन्यांत पूर्ण. सर्टिफिकेट एका कंपनीत दाखवलं, साहेबाने पाहिलंसुद्धा नाही. पण समोरच्या मशीनवरचा फॉल्ट त्याने शोधून दिला, तेव्हा घेतलं. कोर्स तोच होता. बदलला तो रविवार.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच. पुढचा कोर्स लावण्याआधी चार प्रश्न विचारा. मला कळेल अशा भाषेत आहे का, किंवा निदान मराठी सबटायटल? यात हाताने करायचं काही आहे का, आणि ते करायची सोय माझ्याकडे आहे का? कोण विचारणार आहे मला, ‘कुठवर आला’ म्हणून? आणि संपल्यावर हे कोण धरणार: कॉलेज, कंपनी, की फक्त माझा आत्मविश्वास? चारपैकी दोनची उत्तरं नसतील तर आधी ती शोधा, व्हिडिओ कुठे पळून जात नाहीत.

आणि जे आधीच पोचलेत, नोकरीत स्थिरावलेत, त्यांच्यासाठी. गावात अभ्यासिका आहे, समाजमंदिर आहे, शाळेची खोली रविवारी रिकामी असते. उपग्रह, सर्व्हर, आयआयटीचे प्राध्यापक, सगळं मोफत मिळालंय आपल्याला. कमी पडतो तो संच उघडणारा माणूस. तो दोन तासांसाठी आपण होऊ शकतो. कुणाला काही शिकवायचंसुद्धा नाही, फक्त विचारायचं: काहून बे, मागच्या रविवारी आला नाहीस?

बुटीबोरी किंवा आसपास कुणी असा रविवारचा वर्ग चालवत असेल, किंवा सुरू करायचा विचार असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. भेटू मग. काळजी घ्या, आणि तो अर्धवट कोर्स एका मित्राला सोबत घेऊन परत उघडा.